पिशवीची दोरी, दोरीची गोफण

शाळूच्या कणसात दाणा भरू लागला, की माण, खटाव, जत, आटपाडी या भागांतल्या शिवारात राखणीचे दिवस सुरू होतात. चार खांबांचा माळा, त्यावर उभा असलेला राखण्या आणि त्याच्या हातात गरगर फिरणारी गोफण हे चित्र सातारा-सांगलीकडच्या मुलांना नवे नाही. भोरड्यांचा थवा उतरू लागला, की गोफणगुंडा सणसणत जातो आणि थवा उठतो.

ही गोफण पूर्वी अंबाडीच्या नाहीतर घायपाताच्या वाखाची असे. अंबाडी शेताच्या कडेने पेरायची, तिची ताटे पाण्यात कुजवायची, साल सोलून वाख काढायचा आणि मग तो वळायचा. आज आपण तीच गोफण दुधाच्या रिकाम्या पिशवीपासून करून पाहू. बोटाने ताणून फाटणारी ही पिशवी गोफणीचा ताण सोसेल काय? अंदाजाने उत्तर देऊ नका. आधी गणित करू.

समजा, गुंडा ५० ग्रॅमचा आहे, तो १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आहे आणि सेकंदाला ३ फेरे घेतो आहे. एका फेऱ्याचे अंतर सुमारे ६.२८ मीटर, म्हणून वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर झाला. गुंड्याला वर्तुळात वळवत ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. ते येते सुमारे १८ न्यूटन. टांगलेल्या १.८ किलो वजनाचा जेवढा ताण, तेवढाच हा! गुंड्याच्या स्वतःच्या वजनाच्या तो ३६ पट आहे. वेग दुप्पट केला, तर ताण चौपट होईल, हेही ध्यानात ठेवा.

आता पिशवीकडे वळू. ती पॉलिथीनची असते. इंग्लंडमधल्या आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली हा पदार्थ प्रथम हाती लागला. त्याचा एकेक रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. पिशवीत या साखळ्या बऱ्याचशा गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. बोटभर रुंदीची एक पट्टी कापा आणि दोन्ही टोके धरून अगदी सावकाश ओढा. पट्टी एके ठिकाणी बारीक होईल आणि तो बारीक भाग लांबत जाईल. तिथल्या साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होऊ लागल्या आहेत. हाच भाग आता आधीइतका सहज ताणला जात नाही.

मग पिशवी एवढी पटकन फाटते का? तिच्या काठावर एखादी बारीक खाच असते. सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो, खाच पुढे सरकते आणि पाहता पाहता पिशवी उभी चिरते. दोरीत मात्र पट्टी गुंडाळलेली, दाबलेली असते. एका घडीतली खाच सहजासहजी शेजारच्या घडीत जात नाही आणि ताण सगळ्या घड्यांत वाटला जातो. दोरी वळण्याचे पहिले रहस्य हे.

चला, दोरी वळू. पिशवी धुऊन वाळवा. वरची व खालची कड कापली, की एक नळी उरते. ती २ सेंटीमीटर रुंदीने गोल गोल कापत गेलात, तर एकच लांब पट्टी मिळते. नळीचा परीघ ३० सेंटीमीटर व लांबी १८ सेंटीमीटर असेल, तर पट्टी किती लांब होईल? ३० गुणिले १८ भागिले २, म्हणजे २७० सेंटीमीटर.

पट्टी मध्यावर न दुमडता एका बाजूला थोडी जास्त ठेवून दुमडा. दुमड एका खिळ्यात अडकवा. आता वरचा पेड आपल्यापासून दूर पिळा आणि पिळलेला तो पेड दुसऱ्यावरून आपल्याकडे घ्या. मग वर आलेला दुसरा पेड तसाच पिळा, तसाच आपल्याकडे घ्या. पट्टी संपत आली, की नवी पट्टी वीतभर सोबत घेऊन पिळत चला. पॉलिथीन वाखापेक्षा गुळगुळीत असते, म्हणून जोड लांब हवा. दोन्ही पेडांतले जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

दोरी सोडली, तरी ती उलगडत नाही. का बरे? प्रत्येक पेड उलगडू पाहतो, पण तो उलगडताना दोरीचा उलटा पीळ अधिकच घट्ट करतो. दोन्ही ओढी एकमेकींना अडवून धरतात. शिवाय दोरी ताणली, की पेड एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातले घर्षण वाढते. आखूड पट्ट्या एकत्र राहतात त्या या घर्षणाच्या जोरावर. कापसाच्या आखूड तंतूंचे सूत टिकते तेही असेच.

गोफणीसाठी हातभर लांबीच्या दोन दोऱ्या आणि मध्ये जाड कापडाची छोटी झोळी पुरे. एका दोरीला बोटात अडकवायचा फास करा, दुसरीच्या टोकाला गाठ मारा. गाठ सोडली, की गुंडा सुटतो. तो बाहेरच्या दिशेने, त्रिज्येच्या रेषेत जाईल, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे तो सुटल्या क्षणीच्या स्पर्शरेषेने जातो. हे पाहायला चिंध्यांचा चेंडू वापरा. मोकळे मैदान, सोबत शिक्षक, आजूबाजूला कोणी नाही आणि दगड मुळीच नाही, एवढे पथ्य पाळा. ताशी ६८ किलोमीटर हा आकडा विसरू नका.

फिरवण्याआधी दोरी तपासायची आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरीने बादली टांगा आणि त्यात एकेक लिटर पाणी ओता. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. बादलीचे वजनही धरा. दोरी कितीला तुटली, ते लिहा. दुसरी दोरी त्याच्या निम्म्या वजनावर रात्रभर ठेवा आणि सकाळी लांबी मोजा. सततच्या ताणाखाली साखळ्या एकमेकींवरून हळूहळू सरकतात आणि दोरी लांबत जाते. तिसरी दोरी महिना-दोन महिने उन्हात ठेवा, चौथी कपाटात ठेवा, आणि मग दोन्ही तोडून पाहा.

उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिथीनच्या साखळ्या तोडतात. शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या काळ्या का असतात, याचा उलगडा इथे होतो. त्यांत मिसळलेली काजळी हे किरण शोषून घेते. दुधाच्या पिशवीला हे संरक्षण नाही. आज गोफणीचा ताण सहज सोसणारी दोरी काही महिन्यांनी दिसायला तशीच, पण आतून ठिसूळ झालेली असते.

म्हणून या दोरीला झोपाळा बांधू नका, विहिरीत पोहरा सोडू नका. जनावराला तर तिचे दावे मुळीच करू नका. जनावर ती चघळेल आणि प्लॅस्टिक त्याच्या पोटात अडकून बसेल. गोफण शेतात टाकून येऊ नका. वाखाची दोरी मातीत कुजून माती होते, पॉलिथीनचे मात्र बारीक तुकडे होऊन ते मातीतच राहतात. झिजलेली दोरी जाळू नका, भंगार प्लॅस्टिकमध्ये द्या. आणि दोरीसाठी नवी पिशवी आणायची नाही. महाराष्ट्रात हातपिशव्यांवर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली आहे. दुधाच्या पिशव्या घरात येतच असतात, तेवढ्या पुरेत.

शिक्षकांनी वर्गात चार दोऱ्यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. जमल्यास पाचवी दोरी गावातल्या जाणत्या माणसाकडून वाखाची वळून घ्यावी आणि तीही याच बादलीला बांधावी. कोणती दोरी कुठे वापरावी, हे तो तक्ताच सांगेल.