मोडेम आपणच आणला, पण नेट येईना?

मैत्रिणींनो, गटाचे हिशेब, मुलांचे फॉर्म, मालाचे पैसे, सगळं आता नेटवर. संभाजीनगरहून मोडेम आणला, वायर जोडली, तरी नेट नाही. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते मोडेम तुमचा. अशा वेळी नवीन खर्च करण्याआधी मोडेमचे दिवे बघा.

• पॉवरचा दिवा बंद: अडॅप्टर आणि बोर्ड तपासा.
• ‘लॉस’ दिवा लाल: फायबरची बारीक वायर दुमडली, तुटली किंवा सैल झाली. मोडेम बदलून उपयोग नाही, कंपनीला तक्रार करा. वायरच्या टोकात डोकावू नका, डोळ्यांना धोका असतो.
• ‘पॉन’ दिवा लुकलुकतो: बहुधा मोडेमची कंपनीकडे नोंद झालेली नाही. खालच्या बाजूचा सिरियल नंबर कळवून नोंद करून घ्या.
• ‘पॉन’ स्थिर, तरी नेट नाही: रिचार्ज संपला का ते बघा. नसेल तर कंपनीने दिलेला युजरनेम-पासवर्ड मोडेममध्ये बरोबर भरलाय का, ते तपासून घ्या.

केबल टीव्हीच्या जाड वायरीचा मोडेम फायबरला चालत नाही. म्हणून विकत घेण्याआधी कंपनीला मॉडेल विचारा. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवर कोणी बँकेचा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.