अपंगत्व-साहाय्याचा अर्ज नामंजूर झाल्यास

शेतीचा धंदा जसा कष्टाचा, तसाच तो जोखमीचाही आहे. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्टीतील वाडीवाल्यास माडावर चढावे लागते, बावखलाच्या निसरड्या काठावरून वावरावे लागते आणि ओल्या हाताने विजेच्या पंपाची कळ दाबावी लागते. पूर्वेकडील भातशेती करणाऱ्यास बांधावरच्या सापाचे भय असते. फुले व भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारास जाणाऱ्या भगिनींना रेल्वेच्या गर्दीतून वाट काढावी लागते. एका क्षणाच्या अपघाताने हात, पाय किंवा दृष्टी जाते आणि कर्त्या माणसाचे सारे कुटुंबच उघड्यावर येण्याची वेळ येते.

अशा प्रसंगी उपयोगी पडाव्यात म्हणून शासनाच्या काही योजना आहेत. परंतु अनेकदा अर्ज केल्यानंतर तो नामंजूर झाल्याचे पत्र येते, कुटुंबातील मंडळी ते ट्रंकेत ठेवून देतात आणि 'आपल्या नशिबी नव्हते' असे म्हणून स्वस्थ बसतात. ही समजूत चुकीची आहे. नामंजुरी हा बहुधा अर्जदाराच्या अपंगत्वावर दिलेला निवाडा नसतो. अर्जासोबत आलेल्या कागदांवर मारलेला तो शेरा असतो. जो कागद उणा आहे तो पुरा करता येतो. म्हणून नकाराचे नेमके कारण लेखी मिळविणे आणि त्याच कारणाचे पुराव्यासह उत्तर देणे, हाच पुढचा मार्ग होय.

साहाय्याचे प्रमुख मार्ग

शेतकऱ्यांसाठी २००५-०६ पासून राज्यात अपघात विमा योजना होती. तिच्यात दाव्याचा निर्णय विमा कंपनीच्या हाती असे. दावे रेंगाळण्याच्या व नाकारले जाण्याच्या तक्रारी वाढल्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये विमा कंपनीस मधून वगळण्यात आले आणि 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' सुरू झाली. तिच्यात वहितीधारक खातेदार शेतकरी आणि खातेदार नसलेला त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांचा समावेश होतो. वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे आहे. अपघाती मृत्यू झाल्यास, अथवा दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. महसूल, पोलीस व कृषी खात्यांचे अधिकारी घटनास्थळाची पाहणी करतात आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय देते.

दुसरा मार्ग प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. बँकेच्या खात्यातून वर्षास २० रुपये कापले जात असतील, तर १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास या विम्याचे संरक्षण असते. पूर्ण अपंगत्वास २ लाख व अंशतः अपंगत्वास १ लाख रुपये अशी तिची तरतूद आहे. आपल्या खात्यातून अशी रक्कम कापली जाते हे पुष्कळांना ठाऊकही नसते. म्हणून पासबुकातील मे-जून महिन्यांच्या नोंदी अवश्य पाहाव्यात.

तिसरा मार्ग संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. ही एकरकमी मदत नसून दरमहाचे अनुदान आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्व, ६५ वर्षांखालील वय आणि ठरावीक मर्यादेतील कौटुंबिक उत्पन्न आवश्यक असते. २०२५ मध्ये झालेल्या निर्णयाने दिव्यांग लाभार्थींचे अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले.

या तिन्ही योजनांच्या अटी भिन्न आहेत. एकीकडे नकार मिळाला म्हणजे दुसरीकडेही तोच मिळेल असे नाही. मात्र एका ठिकाणाहून साहाय्य मिळाले असल्यास ते दुसऱ्या अर्जात दडवू नये. जे खरे आहे ते लिहून द्यावे व नियम काय आहे ते कार्यालयास विचारावे.

पहिले काम : कारण लेखी घ्या

'तुमचे प्रकरण बसत नाही' असे तोंडी उत्तर मिळाल्यास तेवढ्यावर परत फिरू नये. अर्ज कोणत्या तारखेस व कोणत्या कारणाने नामंजूर झाला, हे लेखी मागावे. ते न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि आपल्या प्रकरणावरील शेरे, पाहणी अहवाल व समितीचा निर्णय यांच्या प्रती मागाव्यात. साधारणतः ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क लागत नाही.

पत्र हाती आले की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. अपिलाची मुदत बहुतेक ठिकाणी तेथूनच मोजली जाते. पत्राचा लिफाफाही फेकू नये. त्यावरील टपालाचा शिक्का पुढे पुराव्याच्या कामी येतो.

नेहमीची चार कारणे व त्यांचे उपाय

१. अपघाताचा पुरावा नाही. माडावरून पडलेल्या किंवा विजेचा धक्का बसलेल्या माणसास घरची मंडळी तातडीने दवाखान्यात नेतात. ते योग्यच असते. परंतु त्या धावपळीत पोलिसांत वर्दी द्यावयाची राहून जाते. अशा वेळी ज्या रुग्णालयात प्रथम दाखल केले तेथील नोंदी कामास येतात. दाखल करताना अपघाताचे कारण काय सांगितले हे केसपेपरवर लिहिलेले असते. त्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, रुग्णालयाने पोलिसांस कळविले असल्यास ती नोंद, पोलीस पाटलांचा अहवाल आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब एकत्र जोडावेत. केसपेपरवर नुसते 'पडल्याने दुखापत' असे असेल, तर कोठून व कसे पडले याचा खुलासा त्याच डॉक्टरांकडून लेखी घ्यावा.

२. अर्जदार खातेदार नाही. सातबारा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर आणि शेतात राबणारा दुसराच, हे चित्र आपल्याकडे घरोघर दिसते. अशा प्रकरणी अर्ज खातेदार म्हणून न करता खातेदाराच्या कुटुंबातील सदस्य म्हणून करावयास हवा. योजनेत आई, वडील, पती, पत्नी, मुलगा व अविवाहित मुलगी यांपैकी एकाचा समावेश होतो. त्यासाठी सातबारा, आठ-अ आणि नाते दाखविणारी शिधापत्रिका जोडावी. भाऊ मात्र या यादीत नाही. म्हणून वडील वारले असतील तर वारसांची फेरफार नोंद वेळीच करून घेणे हे सर्वांत मोठे संरक्षण होय. अपघातापूर्वी घेतलेली नोंद आणि अपघातानंतर धावपळीने घेतलेली नोंद यांत फार अंतर आहे.

३. अर्ज मुदतीनंतर आला. ज्या माणसाचे ३० दिवस रुग्णालयाच्या खाटेवर गेले, त्याने अर्ज कधी करावा? हे कारण रास्त आहे. पण ते न सांगताच अर्ज दिला तर कार्यालयास ते कळणार कसे? विलंबाचा खुलासा वेगळ्या कागदावर लिहावा. दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख त्यात द्यावी आणि कागद पुराव्यास जोडावेत. विम्याच्या दाव्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे म्हटले आहे, की विलंबाचे समाधानकारक कारण दिले असता केवळ विलंबाच्या सबबीवर खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये.

४. अपंगत्व अटीत बसत नाही. या कारणाचा विचार नीट करावा, कारण येथे कधी नकार योग्यही असतो. यंत्रात बोटाची पेरे गेली, तर ती हानी खरी आहे. पण योजनेतील शब्द 'अवयव निकामी होणे' असे आहेत. पंजा शाबूत दिसत असूनही त्याचा उपयोग कायमचा गेला असेल, तर मात्र तसे डॉक्टरांच्या अंतिम प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्यावर शासकीय आरोग्य यंत्रणेची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. 'उपचार चालू आहेत' असे लिहिलेले प्रमाणपत्र कायमच्या अपंगत्वाचा पुरावा ठरत नाही.

प्रमाणपत्राचाच वाद असल्यास

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मान्य झाले आहे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. कलम ५८ प्रमाणे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने एकतर प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर अर्जदारास अपंगत्व नाही असे लेखी कळवावे. त्या निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

अपील करण्यापूर्वी मूळ तपासणीत काय पाहिले गेले व काय राहिले हे बघावे. पाठीच्या कण्यास मार लागलेल्या माणसाचा केवळ पाय तपासला गेला असेल, किंवा एम्.आर्.आय्. चा अहवाल त्या दिवशी जवळ नसेल, तर तोच मुद्दा अपिलात लिहावा. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असल्यास ती संपण्यापूर्वीच फेरतपासणीचा अर्ज करावा. नाहीतर चालू अनुदानही थांबते.

निराधार योजनेत उत्पन्नाच्या कारणाने नकार आला असेल, तर दाखला पुन्हा तपासावा. वसईत जमिनीचे भाव वाढले आहेत खरे. पण जमिनीची किंमत व कुटुंबाचे उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी होत. कमावता हात गेल्यानंतरचे उत्पन्न अपघातापूर्वीच्या दाखल्यावर मोजले गेले असल्यास नवा दाखला काढून फेरअर्ज करावा.

रेल्वेतील अपघात

विरार, नालासोपारा व वसई येथून माल घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चालत्या गाडीतून पडून अपंगत्व आल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून तिची कमाल मर्यादा ८ लाख रुपये आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करावा लागतो.

'तिकीट सापडले नाही' हे येथील नकाराचे एक कारण असते. पडलेल्या माणसाची पिशवी व खिसा जागेवर राहतातच असे नाही. ९ मे २०१८ रोजी रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ तिकीट न मिळाल्याने दावा खोटा ठरत नाही. अर्जदाराने प्रवासाची हकीकत प्रतिज्ञापत्रावर सांगितली की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. गाडीत चढता-उतरताना झालेला अपघातही यात मोडतो. न्यायाधिकरणाचा निर्णय विरुद्ध गेल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मासिक पास असेल तर त्याची प्रत घरी ठेवावी. आणि रूळ ओलांडताना झालेल्या अपघातास ही तरतूद लागू होत नाही हेही जाणून असावे.

दाद कोठे मागावी?

शेतकरी अपघात योजनेतील निर्णयाविषयी प्रथम तालुका कृषी अधिकारी व तहसीलदार यांस लेखी निवेदन द्यावे आणि तेथे समाधान न झाल्यास प्रकरण पालघर येथे जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावे. बँकेमार्फतच्या विम्याचा दावा नाकारला गेल्यास आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावे. नकार आल्यास, किंवा एक महिन्यात उत्तर न आल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षे आहे. दिव्यांग व्यक्तीस विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास त्याची माहिती मिळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ज्या घरात अपघात झाला, त्या घरास नियम शोधण्याची उसंत नसते. ते काम सहायक कृषी अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील व आशा सेविका यांनी वाटून घ्यावे. अपघाताची वार्ता येताच आठवड्याच्या आत घरी जावे, तीस दिवसांची तारीख सांगून यावी आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करवून घ्याव्यात. अर्ज दिल्याची पोच घेतल्याखेरीज अर्जदारास कार्यालयाबाहेर पडू देऊ नये. अर्ज मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून त्यास सावध करावे. यांपैकी कोणत्याही अर्जास मध्यस्थाची गरज नाही.

प्रत्येक शेतकरी कुटुंबाने सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, आधार व बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवून तिची जागा घरातील सर्वांस सांगून ठेवावी. ज्यांच्या घरी नामंजुरीचे पत्र येऊन पडले आहे, त्यांनी ते आजच बाहेर काढावे, त्यावरील कारण व तारीख वाचावी आणि मुदत शिल्लक असेल तर उद्याची वाट पाहू नये. मुदत टळली असेल तरी विलंबाच्या खुलाशासह एकदा लेखी अर्ज करून पाहावा. हे साहाय्य कोणाची मेहेरबानी नव्हे. तो नियमाने दिलेला हक्क आहे आणि योग्य कागद, योग्य ठिकाणी, योग्य वेळी देणाऱ्यासच तो पदरात पाडून घेता येतो.