अंगण वाकडं ठरवतो कोण?

सापगावहून शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन आणि मग ठाण्याची लोकल. ऑफिसात उशिरा पोचलो की खुलासा तयारच असतो: रिक्षा मिळेना, पुलावर गर्दी, त्यात गाडी लेट. गंमत म्हणजे यातलं काहीच खोटं नसतं! फक्त गजर वाजल्यावर तो बंद करून आपण पुन्हा पांघरूण ओढलं होतं, तेवढं त्यात येत नाही. नाचणाऱ्याला अंगण वाकडं आहे हे इतक्या झटपट सुचवतो कोण?

उत्तर आपल्याच कवटीत आहे. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना तंतूंचा एक जाड जुडगा जोडतो. गंभीर अपस्मारावर उपाय म्हणून काही रुग्णांचा हा जुडगा कापावा लागे. १९७० च्या दशकात मायकल गॅझॅनिगा या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशाच एका तरुणाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. डाव्या मेंदूच्या हुकमातल्या उजव्या हाताने कोंबडी दाखवली, उजव्याच्या हुकमातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायचं फावडं. दोन्ही बरोबर!

आता प्रश्न आला: फावडं का? बोलणारा मेंदू डावा आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर. पण तो क्षणात म्हणाला, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागणारच की! तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

म्हणजे आपल्या डोक्यात एक वकील बसलाय आणि घटना नीट कळायच्या आधीच तो बचाव मांडून मोकळा होतो. धडधाकट मेंदूत नसेल असं काही? १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला. चार अगदी सारखे पायमोजे ओळीत ठेवले आणि लोकांना चांगला कुठला ते विचारलं. सगळ्यात जास्त पसंती उजव्या टोकाच्या मोज्याला मिळाली. कारण? वीण सुरेख, पोत मऊ! तो कुठे ठेवला होता, याचं नाव कुणी घेतलं नाही.

मग जबाबदारी घेणं अशक्यच का? इथे अल्बर्ट एलिस येतो. १९५५ मध्ये या मानसतज्ज्ञाने साधी साखळी मांडली: आधी घटना, मग तिच्याबद्दल आपण मनात म्हणतो ते आणि शेवटी भावना व वागणं. पटत नाही? फलाटावर बघा. एकच गाडी शंभर जणांची चुकते. एक जण शिव्या घालतो, दुसरा साहेबांना फोन करतो, तिसरा पेपर उघडतो. गाडीच कारण असती, तर शंभरही जण सारखेच वागले नसते का?

मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि हा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला. १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभारणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी तो घरोघरी नेला.

या विचारातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट अशी की जबाबदारी घेणं म्हणजे स्वतःला झोडपणं नव्हे. ‘माझं चुकलं’ आणि ‘मी नालायक’ ही दोन निराळी वाक्यं आहेत. वकील धावून येतो तो दुसऱ्या वाक्याच्या भीतीने. ते खोडलं की पहिलं सहज उच्चारता येतं आणि चूक दुरुस्तही करता येते.

एलिसने हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांच्या या लाजाळू मुलाला मुलींशी बोलायची धास्ती. म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचंच, असं ठरवलं. काही जणी लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आलीच नाही! पण भीती पळाली. बायका नाही म्हणतच होत्या. बदललं होतं ते फक्त, त्या नकाराबद्दल तो मनात काय म्हणतो ते.