जैन, शैलजा
भारतीय कबड्डीपटू व प्रशिक्षक. मूळच्या नागपूरच्या. खेळाडू म्हणून या क्षेत्रात आल्यानंतर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या व नाशिक येथे त्यांनी दीर्घकाळ मुलींना कबड्डीचे शिक्षण दिले.

आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीचा १९९० मध्ये बीजिंग येथे, तर महिलांच्या कबड्डीचा २०१० मध्ये ग्वांगजो येथे समावेश झाला. महिला गटातील पहिली दोन्ही सुवर्णपदके भारताने मिळविली. २०१४ मध्ये इंचॉन येथील अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ इराणचा होता. २०१७ मध्ये जैन यांनी या संघाची सूत्रे स्वीकारली. खेळाडूंशी संवाद साधता यावा म्हणून त्या फार्सी शिकल्या. चढाई करणाऱ्या खेळाडूस ‘कबड्डी’ हा घोष एका दमात अखंड करावा लागत असल्याने या खेळात श्वासावरील नियंत्रणास विशेष महत्त्व असते. हे जाणून त्यांनी नित्याच्या व्यायामास योगासने व प्राणायाम यांची जोड दिली.

२४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ता येथील अंतिम सामन्यात इराणने भारताचा २७–२४ असा पराभव केला. आदल्या दिवशी भारतीय पुरुष संघही उपांत्य फेरीत इराणकडूनच हरला होता. त्यामुळे १९९० पासून प्रथमच भारतास या स्पर्धेत कबड्डीचे एकही सुवर्णपदक लाभले नाही. महिलांचे सुवर्णपदक भारताने २०२३ मध्ये हांगजो येथे चिनी तैपेईवर २६–२५ अशी निसटती मात करून परत मिळविले. ही चुरस कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय प्रसाराची निदर्शक असून त्या प्रसारात जैन यांच्यासारख्या भारतीय प्रशिक्षकांचा वाटा मोठा आहे.