घंटा वाजली की थांबली?

प्रयोगशाळेच्या भिंतीवर इंग्रजीत एक सूचना लावली आहे अशी कल्पना करू: ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द रूम.’ ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आपण विजेच्या बटनांवर रोज वाचतो. त्यामुळे एखादा विद्यार्थी सहज अर्थ लावेल, ‘धोक्याची घंटा बंद झाली की बाहेर जा.’ खरा अर्थ नेमका उलट आहे: घंटा वाजू लागली की बाहेर पडा!

गंमत अशी की, ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले. एकाच ‘गो ऑफ’चा अर्थ कधी सुरू होणे आणि कधी बंद होणे, हे कसे?

यासाठी आपल्या मराठीतले ‘सुटणे’ पाहू. वारा सुटला म्हणजे वाहू लागला. शाळा सुटली म्हणजे त्या दिवसापुरती संपली. इथेही एकदा आरंभ आणि एकदा शेवट. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण नुसत्या क्रियापदावर न थांबता काय सुटले तेही आपण पाहतो.

‘गो ऑफ’चेही तसेच आहे. ‘ऑफ’चा मूळ भाव ‘-पासून दूर’ असा आहे. बंदूक, फटाका, गजर यांच्यात काहीतरी अडवून धरलेले असते. ते सुटले की आवाज होतो. दिवे चालू स्थितीपासून दूर जातात, म्हणजे विझतात. दूध चांगल्या स्थितीपासून दूर जाते, म्हणजे नासते: ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. (हा प्रयोग ब्रिटिश इंग्रजीतला.) माणूस असेल तर तो निघून जातो: ‘ही वेन्ट ऑफ टु द मार्केट’. आणि ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ म्हणजे चहावरचे माझे मन उडाले.

आणखी एक भेद लक्षात ठेवू. या अर्थांनी गजर, दिवे किंवा दूध ‘गो ऑफ’ होते ते आपले आपण. कोणी मुद्दाम बंद केले तर ‘टर्न ऑफ’ म्हणायचे. दिवा गेला आणि दिवा मालवला, यांत जो फरक तोच इथे.

अशी जोड-क्रियापदे परकीयांना फार अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. तेव्हा आपले विद्यार्थी अडखळले तर नवल नाही. ‘गो ऑफ म्हणजे वाजणे, विझणे, नासणे’ अशी यादी पाठ करून घेण्याऐवजी फळ्यावर गजर, दिवे, दूध, फटाका हे शब्द लिहावेत आणि प्रत्येकाचे पूर्ण वाक्य मुलांकडून करून घ्यावे. शेवटी हे वाक्य द्यावे: ‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह अँड आय टर्न्ड इट ऑफ.’ यात गजर कधी वाजला आणि कधी थांबला, हे ज्याला सांगता येईल त्याला ‘गो ऑफ’ समजले.