सावली कुणाची?

गुलबर्ग्याचे, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गीचे ऊन ज्याने एकदा अंगावर घेतले आहे, त्याला सार्वजनिक जागेची व्याख्या कोशात शोधावी लागत नाही. वैशाखात पारा चाळीस अंशांवर चढला की जिथे सावली, पिण्याचे पाणी आणि पाठ टेकायला जागा, तीच सार्वजनिक जागा. घरी पंखा असणाऱ्याला बाग ही हौस. हमालाला आणि मोळीवालीला ती गरज.

हा मुलूख या बाबतीत अडाणी नाही. शेजारच्या बिदर जिल्ह्यातील कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती शरण जमले, त्यांत हरळय्या चांभार होते, मडिवाळ माचय्या परीट होते. गुलबर्ग्यात बंदेनवाजांच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात, आणि शरणबसवेश्वरांच्या देवळाला दासोहाची, म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालण्याची परंपरा आहे. देवाच्या दारी जे साधले, ते नगरपालिकेच्या दारी का साधू नये?

कायद्याने आपली वाट चालली आहे. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आणि १९५० मध्ये घटनेच्या १५ व्या कलमाने विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांवरून धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे कुणाला अडवू नये, असे ठरविले. त्या यादीत दारिद्र्य मात्र नाही.

माझ्या मते नेमक्या याच फटीतून नवा मज्जाव शिरतो. त्याला पाटी लागत नाही. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसविला की दमलेल्याला आडवे होता येत नाही. वडाच्या जागी शोभेचे ताड लावले की सावली जाते. नळ काढला की पाणी विकत घ्यावे लागते. दाराशी तिकीट आले की उरलेसुरले लोकही गळतात. कुणी कुणाला हाकलले नाही, आणि गरीब मात्र बाहेर!

२०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना शहर फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के जागा दिल्या. बागेचा नकाशा पसरताना त्या टेबलाशी एका हमालालाही बसवावे, एवढेच माझे मागणे आहे. सावली कुठे हवी, हे त्याच्याइतके कुणाला कळणार?