शेणातली निळी ज्योत

अकलोलीला तानसा नदीच्या काठी जमिनीतून गरम पाणी वर येतं. भिवंडी तालुक्यातलं हे गाव, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या शेजारचं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि पुन्हा वर येतं. राजापूरपासून पालघरपर्यंत असे झरे आहेत. कुंडात उतरायला माणसं लांबून येतात. गोठ्यामागच्या उकिरड्यात काय चाललंय ते बघायला मात्र कुणी थांबत नाही. खरं तर नवल तिथंही तेवढंच आहे.

म्हशीनं खाल्लेल्या चाऱ्यातली सगळी ऊर्जा तिच्या अंगी लागत नाही. उरलेली शेणाबरोबर बाहेर पडते, आणि ती मोकळी करणारे सूक्ष्मजीवही शेणातूनच येतात. गोबरगॅसच्या टाकीत हवा शिरू दिली नाही की ते कामाला लागतात. काही जिवाणू तंतू, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ फोडतात, काही त्यांची आम्लं करतात, आणि शेवटची टोळी त्यातून मिथेन बनवते. ही शेवटची टोळी म्हणजे जिवाणू नव्हेतच! कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवून दिलं, की हा सजीवांचा एक निराळाच वंश आहे. ऑक्सिजन त्यांना विष. पृथ्वीच्या हवेत तो नव्हता त्या काळापासूनची ही जात आज म्हशीच्या पोटात राहते, भातखाचराच्या चिखलात राहते, आणि आपल्या शेगडीला जाळ पुरवते.

सकाळी बादलीभर शेणात तेवढंच पाणी ओतायचं, गोळे हातानं फोडायचे, काड्या-दगड वेचून टाकायचे आणि काला आत सोडायचा. तरंगत्या झाकणाची टाकी असेल तर गॅस साठेल तसं ते जड झाकण हळूहळू वर उचललं जातं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या जिवांनी उचललेलं ते लोखंड! कॉक उघडून काडी लावली की ज्योत निळी. भांड्याला काजळी नाही, डोळ्यांत धूर नाही. गॅस जळून गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश उरलेल्या काल्यात, म्हणजे स्लरीत, शिल्लकच असतात, ते शेतात जातात.

साधारण २५ किलो ओल्या शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम एलपीजीची ऊर्जा. चार-पाच जनावरांच्या घरात रोज दोन घनमीटर गॅस देणारी टाकी नीट चालली तर महिन्याला जवळपास पावणेदोन सिलिंडरचं काम होतं.

ही युक्ती जुनीच. १८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून गॅस मिळवला गेला. पुढं जशभाई पटेलांच्या तरंगत्या झाकणाच्या टाकीला खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६०च्या दशकात हात दिला. १९८१-८२ पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि अनुदानावर गावोगाव टाक्या उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये 'गोबरधन' आणि 'सतत' या योजना जाहीर झाल्या. 'सतत'मध्ये गॅस शुद्ध करून, दाबून वाहनांत भरायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम अधिसूचित केला, पहिल्या टप्प्याला ८५८ कोटी रुपये. त्यात घरगुती ते मध्यम टाकीला आकारमानानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये मदत ठरली. संडास जोडला तर घरगुती टाकीला १,६०० रुपये जादा. हे कलम वाचताना कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं सोनखत करणारे अप्पासाहेब पटवर्धन आठवतात. मोठ्या बायो-सीएनजी प्रकल्पांना दिवसाला ४,८०० किलो क्षमतेमागं ४ कोटी, कमाल १० कोटी.

माझं लक्ष मात्र छोट्या टाकीकडेच जातं. अनुदानानं विटा, सिमेंट, पाइप येतात; आतली जिवंत फौज रोजच्या शेणावर जगते. जनावरं विकली, आठवडाभर पाणी घालायचं राहिलं, थंडीत टाकी गार पडली, की गॅस मंदावतो. सुमारे ३५ अंशांवर या जिवांचं चांगलं चालतं. त्या मानानं आपलं कोकण त्यांना मानवणारं. पण टाकी रोज नीट चालली पाहिजे, म्हणून ती बांधणाऱ्या प्रशिक्षित गवंड्याला नंतरची देखभाल करण्यासाठी पैसे मिळणं मला बांधकामाच्या रकमेइतकंच मोलाचं वाटतं. गळका कॉक, पाइपात साठलेलं पाणी, झाकणाला लागलेला गंज ही कामं तासा-दोन तासांची असतात. ती वेळेत झाली नाहीत तर टाकीत कचरा पडू लागतो आणि घरात पुन्हा लाकडं येतात. शिवाय गळणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट तापदायक. तो जाळूनच वापरायला हवा.